इवायांचा सोशीक लिंब

होळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळची वेळ. स्थळ, परभणीतलं आमचं घर, पुढची खोली. हजर: मी, आमचे हे, झरीहून आलेले माझे मामा, स्वयंपाकघराच्या पडद्यामागे आमची थोरली, आणि ज्यांच्यासाठी हे सगळे जमले होते ते एक पाहुणे. तहसील कचेरीत सभांची इतिवृत्तं लिहिण्यात माझी निम्मी हयात गेली, त्यामुळे कुठलीही गोष्ट मला आधी हजेरी घेतल्याशिवाय सांगता येत नाही. त्या रविवारचं इतिवृत्त मात्र राहूनच गेलं होतं. मुलगी बघायला बोलावलेल्या घरी यावं, पोहे खावेत, आणि परसातलं झाड पसंत करून निघून जावं, असं करणारा माणूस सबंध परभणी जिल्ह्यात एकच झाला, आणि पुढे तोच आमचा व्याही झाला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मीही तसंच म्हणते.

इवाई एसटीतले निवृत्त कंडक्टर. माणूस निवृत्त झाला, त्याच्यातली एसटी झाली नाही. कुणाच्याही घरी गेले तर ते दारालगतच्या खुर्चीवरच बसतात, आत सोफ्यावर बसायचा आग्रह केला की म्हणतात, "तिकडं पॅसेंजर बसू द्या." चालताना पाय फाकवून टाकतात, जणू सगळी परभणी खड्ड्यातून चालली आहे. एखादा बोलता बोलता अडखळला की त्यांचा हात आपोआप वर जातो आणि हवेतली दोरी ओढतो. गावं त्यांना पाटीवरून कळत नाहीत, झाडांवरून कळतात. "अमक्याचं घर कुठं?" असं विचारलं तर "दुहेरी खोडाचा लिंब गेला, की वाकडा लिंब येतो, त्याच्या फुडं उतरायचं" असं उत्तर मिळतं. कडुलिंबाला आमच्या भागात नुसता लिंबच म्हणतात. इवायांच्या हिशेबात एसटीचे थांबे महामंडळाने ठरवलेले नाहीत, लिंबांनी ठरवलेले आहेत. सावली जिथे, तिथे माणसं उभी राहिली. माणसं जिथे, तिथे गाडी थांबली. शेड नंतर कधीतरी आली आणि तिच्यात शेळ्या बसल्या.

अशा माणसाच्या डोळ्यांदेखत लिंब जळायला लागले. आग नव्हती, ऊनही नव्हतं. पावसाळा सरत आला की फांद्यांचे शेंडे करपायचे, पानं तांबडी पडून लोंबायची, आणि होळीपर्यंत सगळी झाडं हिरवी होताना हे झाड डोक्यावर झाडूच्या काड्या खोचल्यासारखं उभं असायचं. मोहोर नाही, लिंबोळ्या नाहीत. लोकांनी आपापली कारणं काढली. कुणी म्हणालं मोबाईलचा टॉवर, कुणी म्हणालं नजर. आमच्या गल्लीत तर एकीने झाडाला लिंबू-मिरची बांधली. लिंबाला लिंबू बांधलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पालमच्या स्टँडवरचा मोठा लिंब, ज्याच्याखाली इवायांनी नोकरीतल्या प्रत्येक दुपारी डबा खाल्ला, तो लागोपाठ दोन पावसाळे असा जळला आणि शेवटी तोडावा लागला. इवायांनी त्या जागी नर्सरीतून आणून रोप लावलं. त्याचा शेंडा गेला. दुसरं लावलं. त्याचाही गेला. मग जळकी फांदी पिशवीत घालून ते कृषी विद्यापीठात गेले आणि झाडांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका मॅडमसमोर त्यांनी ती तिकिटाच्या तक्रारीसारखी टेबलावर ठेवली.

मॅडमनी नीट समजावून सांगितलं. ही बुरशी आहे, ओल्या हवेत पसरते, उंच झाडाला औषध तरी किती फवारणार. पण शंभर झाडं आजारी असताना त्यांत एखादं असं सापडतं की त्यालाही रोग लागतो, दोन-चार शेंडे जातात, आणि ते पुन्हा फुटून मोहरतं. असं झाड सहनशील. त्याच्या बियांपासून रोपं करून बघता येतील. सगळी आईसारखी निघतीलच असं नाही, पण काही निघतील.

"म्हंजे सोशीक," इवाई म्हणाले.

"हो, तसं म्हणा," मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी जरा विचार करून उत्तर दिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. कारण मराठीत 'सोशीक' हा शब्द कुठे राहतो ते प्रत्येक मुलीच्या आईला ठाऊक आहे. तो स्थळांच्या बाजारात राहतो. मुलगी गोरी, हळू चालणारी, आणि सोशीक. इवाई मात्र एसटीने गावोगाव फिरून भेटेल त्याला विचारू लागले, "तुमच्याकडं एखादं सोशीक हाय का?" घरात लग्नाचा इंजिनिअर मुलगा, हे सगळ्या रूटला माहीत. लोकांनी त्यांना चहाला बोलावलं, फोटो दाखवले, एकाने तर पत्रिकाच खिशात कोंबली. हे लोक झाडाचं बोलायचं सोडून आपल्या मुलींचं का बोलतात, हे इवायांना कळेना. अशात झरीच्या थांब्यावर त्यांना आमचे मामा भेटले. इवायांनी आमचा परसातला लिंब भिंतीवरून पाहिलेला होता, घर कुणाचं ते काढलेलं होतं. ते मामांना म्हणाले, "तुमच्या भाचीच्या घरी एक लय सोशीक हाय. बघायला येऊ का?"

मामांचा मला लगेच फोन. "अगं, चांगलं स्थळ आपल्या पायानं चालून यायलाय! बाप सरळ माणूस. फकस्त म्हणला, सोशीक पायजे."

मी मागे वळून थोरलीकडे पाहिलं. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते आणि सुई टोचताना पेशंटने 'आई गं' केलं तर 'आईला कशाला त्रास देता' म्हणते. ती म्हणाली, "सोशीक पाहिजे असेल तर गाढव दाखव त्यांना. मी चहा घेऊन येईन, पण मान खाली घालणार नाही."

तर तो रविवार. पाहुणे एकटेच आले, हातात कापडी पिशवी. दारालगत बसले. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी: आमच्याकडे मायेने मुलीलाही 'लेकरू' म्हणतात आणि मग तिच्याबद्दल 'ते आलं, ते गेलं' असं बोलतात. त्यामुळे पाहुण्यांच्या बोलण्यातलं 'ते' आम्हाला अजिबात खटकलं नाही.

"वय काय असंल त्याचं?" त्यांनी विचारलं.

"सव्वीस," मी म्हणाले.

"वाटत न्हाई. उभार चांगलाय." त्यांनी पोह्यांचा घास घेतला. "आजूबाजूचे समदे गेले म्हणं. हे एकलंच ऱ्हायलं."

हे मला लागलं. "बरोबरीच्या गेल्या आपापल्या घरी," मी म्हणाले, "पण आम्हाला घाई नव्हती."

"घाई नकोच! मी दोन-तीनदा येऊन गेलो बघायला. तुमी घरी नव्हता. मंग भिंतीवरून बघितलं."

आमचे हे एकदम खोकले. "भिंतीवरून?"

"हां. उगं खोटं कामून बोलू? शेंड्यापासून बुडापर्यंत बघितलं."

मामा छताकडे पाहू लागले. मी पाण्याचा तांब्या ह्यांच्याकडे सरकवला. पाहुण्यांनी बशी खाली ठेवली आणि पिशवीत हात घालून एक छोटा चाकू बाहेर काढला. "राग मानू नका, ताई. पर पक्कं करायच्या आधी जराशी साल काढून बघावी लागंल."

पडदा सरकला. थोरली ट्रे घेऊन बाहेर आली, मान सरळ ठेवून, आणि म्हणाली, "कोण कोणाची साल काढतंय ते एकदा मलाही कळू द्या."

पाहुण्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि निर्मळ मनाने विचारलं, "हे कोण?"

बघण्याच्या कार्यक्रमात मुलीकडे पाहून असा प्रश्न आजवर कुणी विचारला नसेल. पुढची दहा मिनिटं खोलीत जे चाललं त्याचं इतिवृत्त लिहिणं माझ्या आवाक्याबाहेर आहे. मामा इवायांना म्हणत होते, "झाड म्हणायचं की मंग आधी!" इवाई म्हणत होते, "सोशीक म्हणल्यावर आनिक काय असतंय?" आणि थोरली भिंतीला टेकून इतकी हसत होती की ट्रेमधला चहा सगळा बशांत आला. शेवटी तीच त्यांना परसात घेऊन गेली. शिडीही तिनेच धरली.

इवायांची झाड तपासायची पद्धत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आधी शेंडे बघायचे. मग एक पान तोडून चावायचं, तोंड जराही वाकडं न करता. सोशीक झाड जास्त कडू असतं अशी त्यांची ठाम समजूत आहे. मॅडमनी 'याचा आणि रोगाचा काही संबंध नाही' असं अनेकदा सांगितलं, तेव्हा ते 'बरोबर हाय मॅडम' म्हणाले आणि चावतच राहिले. मग साल किंचित खरवडून आतला हिरवा रंग पाहायचा. आणि शेवटी घराच्या किल्लीने खोडावर वाजवायचं. एकदा वाजवलं तर सिंगल बेल: गाडी थांबली, झाड आजारी. दोनदा वाजवलं तर डबल बेल: चला, जाऊ द्या. आमच्या लिंबाच्या एका अंगाचे थोडे शेंडे करपलेले होते आणि त्यांच्याच बगलेतून तांबूस पालवी फुटून वर मोहोर आलेला होता. बाजूच्या तिन्ही परसांतले लिंब काड्या होऊन उभे. इवायांनी सावकाश दोनदा वाजवलं. मग शिडीवरच थोडा वेळ खोडाला हात लावून उभे राहिले.

खाली उतरल्यावर त्यांना बुंध्यावर खडूची फुली दिसली. ती मी केलेली. गाडी लावायला शेड बांधायची होती, लाकूडतोड्याला पुढच्या आठवड्याचा दिवस दिलेला होता, माझ्या कामांच्या यादीत ते काम सिमेंटच्या वर होतं. इवाई माझ्याकडे वळले. आतापर्यंतचा कंडक्टरी आवाज एकदम उतरला. "ताई, लिंबोळ्या पडेस्तोर थांबा. भरलेली गाडी हाय. असं मधीच कॅन्सल करू नका." पालमच्या मोकळ्या जागेचं मग त्यांनी सांगितलं, ऊन लागतं म्हणून बायका पोरांना पदराखाली घेऊन बसतात, ते सांगितलं. मी लाकूडतोड्याला फोन करून दिवस पुढे ढकलला. नंतर पूर्णच रद्द केला आणि शेडचा पत्रा खोडाभोवती वाकवून घेतला. तो पत्रा पावसात गळतो. गळू दे.

आषाढात लिंबोळ्या पिकून पडल्या. लिंबाचं बी फार दिवस जगत नाही, ताजं तेवढं उगवतं, म्हणून इवाई रोज सकाळी हजर. एके दिवशी त्यांना ताप आला आणि लिंबोळ्या वेचायला त्यांनी मुलाला पाठवलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला तरी मुलगाच आला. तिसऱ्या दिवशी थोरलीने लॅबला उशिरा जायचं ठरवलं. तेव्हा मला सगळं कळलं आणि मी हॉलच्या तारखा बघायला लागले. मामा आजही सगळ्यांना सांगतात की हे स्थळ मी आणलं. एका अर्थी खरंच आहे.

लग्नात मुलाचे वडील म्हणून मिरवायचं सोडून इवाई अक्षता टाकणाऱ्या गर्दीत उभे राहून ओरडत होते, "मधी जागा हाय, मधी सरका, दारात थांबू नका!" आणि लोक सरकतही होते. जेवणाच्या पंगतीत त्यांच्याकडच्या एका बाई कौतुकाने म्हणाल्या, "सून सोशीक दिसती हो तुमची." त्यावर त्यांनी वाढप्याला थांबवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सोशीक झाड असतंय, वैनी. सुनेनं कशाला सोसायचं? ती तोंडावर बोलती. आमच्या घराला बुरशी लागायची भीती न्हाई." पुढच्या पानावर बसलेल्या थोरलीने तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली. मी मात्र ताठ बसले. अशा घरी मुलगी दिली याचा अभिमान मला त्या क्षणी वाटला आणि तो आजही तसाच आहे.

रोपं आमच्या गच्चीवर वाढली. इवायांनी ती मधे वाट सोडून दोन्ही बाजूंना सीटसारखी लावली. नाजूक रोपांना खिडकीची जागा. आणि पुढच्या पावसाळ्यात, हातांनी वाढवलेली ती सगळी रोपं उचलून त्यांनी शेजारच्या जळक्या लिंबाखाली नेऊन ठेवली. मॅडमनीच तसं सांगितलं होतं. रोग अंगावरून गेल्याशिवाय सोशीक कोण ते कळणार कसं? पाऊस संपला तशी रोपं एकेक करून जाऊ लागली. 'मेलं' हा शब्द इवायांनी एकदाही उच्चारला नाही. "उतरलं," म्हणायचे. "ज्याचा स्टॉप आला त्यानं उतरायचं." असं म्हणून पिशवी रिकामी करायचे आणि त्या दिवशी चहा नको म्हणायचे. पण सगळी उतरली नाहीत. काहींचा शेंडा जळला आणि खालून दुप्पट फूट आली. मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन बघायला आल्या, वाकून वाकून पाहिलं, फोटो काढले. मी सगळ्यांना चहा दिला आणि प्रत्येकाला सांगितलं, "हे आमचे इवाई." एकाने विचारलं, "काका, तुम्ही शेतीचं कुठं शिकलात?" इवाई म्हणाले, "मी कुठं शिकलो? मॅडम सांगतेत, मी बेल मारतो."

आज आमच्या लिंबाची पोरं झरीच्या शाळेत आहेत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहेत, लॅबच्या दारात एक आहे. पहिलं रोप अर्थातच पालमला गेलं. इवायांनी ते एसटीत खिडकीशी बसवून नेलं आणि त्याचं अर्धं तिकीट काढा म्हणून नव्या कंडक्टरशी वाद घातला. जुन्या लिंबाच्याच जागी लावलं. पहिल्या पावसाळ्यात त्याचा एक शेंडा करपला आणि दोन फुटले. तेव्हा इवाई तिथून फोनवर फोन करत होते, "इहीणबाई, ऐका!" आणि फोन खोडाला लावून किल्लीने दोनदा वाजवत होते. खोड मनगटाएवढंही नव्हतं, आवाज कसला येतो. पण मी 'ऐकलं' म्हणाले.

यंदाचा पाऊस लांबला. बुरशीला हवं तसं ओलं हवामान दिवाळीपर्यंत राहिलं, आणि चांगले चांगले लिंब पुन्हा करपले. आमच्या परसातल्याने सोसलं. पालमचं कळलेलं नाही. इवायांचे गुडघे गेले आहेत. एसटीची पहिली पायरी आता त्यांना चढवत नाही, आणि रिक्षाने पालमला जाणं त्यांना कमीपणाचं वाटतं. स्टँडवरच्या चहावाल्याला एक फोन लावला तर उत्तर मिळेल, नंबर त्यांच्याकडे आहे. लावत नाहीत. "त्याला शेंड्यातलं काय कळतंय?" म्हणतात. मी जाते म्हटलं. ते म्हणाले, "जा की. पर ह्या रविवारी गर्दी राहती." पुढच्या आठवड्यात म्हटलं तर म्हणाले, "थंडी पडू द्या जरा. घाई न्हाई." आयुष्यभर ड्रायव्हरला एक मिनिट जास्त थांबू न देणारा माणूस, दारालगतच्या खुर्चीत बसून, गुडघ्यावर तेल चोळत, मला सांगतो की घाई नाही. थोरली माझ्याकडे बघते. मी यादीकडे बघते.

काल मी त्यांना विचारलंच नाही. त्यांच्या घरून निघताना मी फक्त म्हणाले, "फोन जवळ ठेवा, पालमहून लावीन." त्यांनी खिशातली किल्ली काढली, हातात थोडी फिरवली आणि माझ्या पुढे केली. "नुसतं बोटानं वाजवू नका," ते म्हणाले. "आवाज येत न्हाई."

किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. माझ्या यादीतली या आठवड्याची सगळी कामं झाली, एक राहिलं: पालमला जाऊन शेंडा बघणे, फोन खोडाला लावणे, वाजवणे. एकदा की दोनदा, ते झाडाकडे आहे.